मोडता न येणारी पुंजी

दिवाळीच्या मागेपुढे परभणी, मानवत, सेलू, जिंतूरच्या मोंढ्यात सोयाबीनची आवक वाढते, पाठोपाठ कापूस निघतो आणि जिल्ह्यातल्या बहुतेक घरांत वर्षाचा मोठा पैसा एकदाच येतो. आडत्याची पट्टी हातात पडते तेव्हा त्या रकमेवर आधीच चार-पाच जणांची नावे लिहिलेली असतात. कृषी केंद्राची खता-औषधांची उधारी, सोसायटीचे पीककर्ज, लातूरला शिकवणीला ठेवलेल्या पोराची फी, येत्या लग्नसराईचा बस्ता. साठीनंतरच्या स्वतःचे नाव या यादीत कधीच नसते. त्यात भावाचा भरवसा नाही. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारातला भाव बराच काळ त्याच्या खालीच राहिला. पट्टी अपेक्षेपेक्षा कमी आली की यादीतले देणे कमी होत नाही. कमी होते ते उरणारे, आणि उरणार होते तेच म्हातारपणासाठी असते.

निवृत्तीच्या नियोजनावर मराठीत आता पुष्कळ लिहिले जाते. त्यातला सल्ला साधारण ठरलेला असतो: पंचविशीत सुरुवात करा, दरमहा पगाराचा अमुक हिस्सा बाजूला टाका, वय वाढेल तसा जोखमीचा वाटा कमी करा. सल्ल्यात चूक काही नाही, पण तो पगाराच्या पायावर उभा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार, आणि त्यातले दर दहांपैकी जवळपास सात जण ग्रामीण भागात राहणारे. त्यातल्या बहुतेकांच्या आयुष्यात ‘दरमहा’ हा प्रकारच नाही. शेतकऱ्याचे उत्पन्न हंगामाला येते, सालगड्याचा हिशोब पाडव्यापासून पाडव्यापर्यंत चालतो, ऊसतोड मजुराची उचल काम सुरू होण्याआधीच हातात पडते. अशा ठिकाणी बचत होत नाही असे नाही. भिशी आहे, दागिना आहे, पोस्टातले आवर्ती खाते आहे, बचत गट आहे. बचत होते, पण साठीपर्यंत पोचत नाही. वाटेत मोडली जाते. म्हणून माझे म्हणणे असे की, परभणीसारख्या जिल्ह्यात म्हातारपणाच्या तरतुदीचा पहिला प्रश्न किती टक्के व्याज मिळते हा नाही, किती लवकर सुरुवात केली हाही नाही. ती पुंजी साठीच्या आत कोणाला, मालकालासुद्धा, सहजी मोडता येते का, हा आहे.

याचा सगळ्यात मोठा पुरावा सरकारी नोकरांनीच दिला आहे, जरी त्यांनी तो या शब्दांत मांडला नाही. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन बंद झाली आणि अंशदानाची योजना लागू झाली; कर्मचाऱ्याने मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या दहा टक्के टाकायचे, सरकारने आधी दहा आणि २०१९ पासून चौदा टक्के. मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्यभरातले कर्मचारी आठवडाभर संपावर गेले. शाळा, जिल्हा परिषदा, तहसील कार्यालये थंडावली. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने केंद्राच्या धर्तीवरील एकीकृत पेन्शन योजना स्वीकारली, तिचा गाभा म्हणजे पुरेशी सेवा झालेल्याला पगाराच्या निम्म्याइतकी हमी. या भांडणात चर्चा रकमेचीच झाली. पण जुन्या पेन्शनचे खरे बळ रकमेत जितके होते तितकेच तिच्या घडणीत होते. नोकरी चालू असताना तिला हात लावायची सोयच नव्हती. मुलीचे लग्न निघो, बोअर कोरडा जावो, भावाला दवाखान्यात न्यावे लागो, पेन्शन मोडून पैसा उभा करता येत नव्हता. निवृत्तीच्या दिवशीसुद्धा तिचा ४० टक्क्यांपर्यंतचाच भाग विकून एकरकमी घेता येतो, उरलेली ६० टक्के माणसाच्या हयातभर दरमहा येत राहते. याच कर्मचाऱ्याचा भविष्य निर्वाह निधी मात्र लग्नाला, घराला, आजारपणाला सारखा कापला जातो आणि निवृत्तीच्या वेळी त्यात काय शिल्लक असते ते प्रत्येक कार्यालयातल्या लेखा लिपिकाला ठाऊक असते. माणूस तोच, पगार तोच. एक पुंजी टिकते, दुसरी झिजते.

मोडता न येणे पुरेसे नसते, हेही इथेच मान्य करायला हवे. एसटीचे वाहक-चालक, सहकारी साखर कारखान्यांचे कामगार, खासगी आस्थापनांतले नोकर यांना १९९५ ची कर्मचारी निवृत्तिवेतन योजना लागू आहे. तिचे सूत्र सोपे आहे: निवृत्तिवेतनासाठी धरलेले वेतन गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. मेख आहे ती ‘धरलेले वेतन’ या शब्दांत. खरा पगार कितीही असला तरी सर्वसाधारणपणे सप्टेंबर २०१४ पूर्वीच्या सेवेला ६,५०० आणि त्यानंतरच्या सेवेला १५,००० रुपयांची मर्यादा धरली जाते. १९९६ साली आगारात लागलेला आणि तीस वर्षे बस हाकलेला चालक या हिशोबाने चार-साडेचार हजारांच्या घरात पोचतो. किमान पेन्शन २०१४ पासून हजार रुपये आहे, ती साडेसात हजार करावी म्हणून या निवृत्तांच्या राष्ट्रीय संघर्ष समितीचे आंदोलन वर्षानुवर्षे चालू आहे, आणि त्याचे केंद्र दिल्लीत नाही, आपल्या बुलढाण्यात आहे. २०२१-२२ च्या एसटी संपातही विलीनीकरणाच्या मागणीमागे पगाराइतकीच म्हातारपणाची चिंता होती. तरीही एक गोष्ट नोंदवावी लागते. दहा वर्षांची सेवा पुरी व्हायच्या आत नोकरी सोडलेल्याला या योजनेतला पैसा काढून घेता येतो, आणि पुण्या-चाकणच्या कंपन्यांत कंत्राटावर गेलेली आपल्याकडची पोरे नेमके तेच करतात. दोन वर्षे इथे, तीन वर्षे तिथे. प्रत्येक वेळी अर्ज भरायचा, वीस-पंचवीस हजार उचलायचे, त्यातून मोबाइल किंवा मोटारसायकलचा पहिला हप्ता भागवायचा. तीच सेवा एका खाते क्रमांकाखाली जोडत नेली असती तर दहा वर्षे भरली असती. तुटपुंजी असली तरी हयातभराची पेन्शन आणि मागे बायकोचा हक्क, दोन्ही त्या अर्जांत गेले.

विशी-तिशीबद्दल फार लिहावे असे नाही, कारण तिथे गणितच बोलते. अटल पेन्शन योजनेत साठीनंतर दरमहा पाच हजार हवे असतील तर अठराव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याला महिना २१० रुपये भरावे लागतात, तिसाव्या वर्षी ५७७, चाळिसाव्या वर्षी १,४५४. चाळिशीनंतर दारच बंद. हप्ता दरमहाच भरला पाहिजे असे नाही, तिमाही किंवा सहामाहीही चालतो. म्हणजे मोंढ्याच्या पैशातून दिवाळीला एक आणि रब्बीची ज्वारी-हरभरा विकून दुसरा असा शेतकऱ्याच्या सोयीने बसवता येतो. दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला किसान मानधन योजना आहे. वयाप्रमाणे महिना ५५ ते २०० रुपये, तेवढेच सरकार टाकते, साठीनंतर तीन हजार, आणि हप्ता पीएम-किसानच्या रकमेतूनच परस्पर वळता करून घेता येतो. हातात न आलेला पैसा खर्च होत नाही, या साध्या गोष्टीचा असा वापर सरकारी योजनांत क्वचितच दिसतो.

इथे जाणता वाचक अडवणारच, आणि त्याने अडवावे. बेचाळीस वर्षांनंतरच्या पाच हजारांना किंमत काय? महागाई वर्षाला पाच टक्के धरली तर आज अठराचा असलेला मुलगा साठीला पोचेल तेव्हा त्याच्या पाच हजारांची खरेदीशक्ती आजच्या साडेसहाशे रुपयांइतकी असेल. हा आक्षेप खोटा नाही. अटल पेन्शनमधल्या बहुसंख्य खातेदारांनी तर हजार रुपयांचाच सर्वांत खालचा टप्पा निवडला आहे, तिथे तो दुप्पट जोराने लागू होतो. पण त्यातून निघणारा निष्कर्ष ‘म्हणून भरू नका’ असा नसून ‘एवढ्यावर थांबू नका’ असा आहे. पंचविशीपासून साठीपर्यंत सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत दरमहा हजार रुपये पडत राहिले तर आजच्या ७.१ टक्के दराने साधारण अठरा लाख होतात. पस्तिशीपासून सुरुवात केली तर आठ लाखांच्या आसपास. दहा वर्षांत स्वतःचे भरलेले फक्त एक लाख वीस हजार कमी, आणि हातात येणारे निम्म्याहूनही कमी. महागाईवर मात करायची तर त्यातला काही भाग राष्ट्रीय पेन्शन योजनेतून समभागांत जायला हवा, हेही खरे. ती २००९ पासून सर्व नागरिकांना खुली आहे आणि चाळिशी ओलांडलेल्यालाही तिथे प्रवेश आहे.

खरी लढाई पस्तीस ते पन्नास या वयात होते, आणि तिथेच बहुतेक जण हरतात. कारण त्या पंधरा वर्षांत सगळे एकदम येते: पोरांची शिक्षणे, बहिणीचे राहिलेले लग्न, आईचा मोतीबिंदू आणि बापाचा लकवा, पडके घर, नवी पाइपलाइन. यातला एकही खर्च चैनीचा नाही, आणि म्हणूनच म्हातारपणाचा पैसा मोडताना कोणाला अपराधी वाटत नाही. उलट न मोडणारा कंजूष ठरतो. लेकीचे लग्न थोडक्यात उरकले तर भावकी नावे ठेवते. साठीला बापाकडे औषधाला पैसे नव्हते म्हणून भावकीने कुणाला नाव ठेवल्याचे ऐकिवात नाही. हा सामाजिक दाब एकट्याच्या निग्रहाने परतवता येत नाही. ‘नाही’ म्हणायची जबाबदारी माणसाऐवजी नियमावर टाकावी लागते. ‘माझे पैसे आहेत, पण निघत नाहीत’ हे उत्तर ‘माझे पैसे आहेत, पण देत नाही’ यापेक्षा नात्यात कितीतरी सोपे जाते. शेतकऱ्याला हे नवे नाही. पुढच्या पेरणीसाठी घरचे सोयाबीन बियाणे वेगळ्या पोत्यात ठेवले की भाव कितीही चढला तरी ते पोते मोंढ्यात जात नाही.

सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचा एक गुण आपल्याकडे जवळजवळ कोणी सांगत नाही. त्यातल्या रकमेवर कर्जवसुलीसाठी कोर्टाची जप्ती येत नाही. ज्या जिल्ह्यात नापिकी, अतिवृष्टी आणि थकीत कर्ज हे दर दोन-तीन वर्षांनी घडते, तिथे कायद्याने दिलेले हे संरक्षण व्याजाच्या अर्ध्या टक्क्यापेक्षा मोलाचे आहे. खात्यातून काही रक्कम काढायलाही पहिली काही वर्षे मुभा नसते, नंतरही मर्यादेतच मिळते. पोस्टमास्तर हे गैरसोय म्हणून सांगतो. ती सोय म्हणून सांगायला हवी.

यावर गरिबांच्या बाजूने सर्वांत बिनतोड आक्षेप असा की, ज्याच्याकडे अडीअडचणीला चार पैसे नाहीत त्याचे पैसे कुलपात घालणे हा अन्याय आहे. कुलपातले दहा हजार असताना त्याला दवाखान्यासाठी सावकाराकडे शेकडा तीन-पाचाने जावे लागेल. मान्य. म्हणूनच सगळी बचत कुलपात घाला असे म्हणणे नाही. सोने आपल्याकडे आजही मोडायचीच पुंजी आहे; पेरणीच्या तोंडावर पोत बँकेत जाते, सुगीला सुटते, आणि ती ते काम चोख करते. भिशी, बचत गट यांचेही काम तेच. या मोकळ्या पैशाच्या शेजारी एक लहानसा बांधलेला पैसा असावा एवढेच म्हणणे आहे. आणि क्रमही उघड आहे. सावकाराचे देणे उरावर असताना सात टक्क्यांच्या खात्यात पैसे भरणे हा तोट्याचा व्यवहार आहे, आधी ते देणे फेडावे. पण हा आक्षेप गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूरकडच्या ऊसतोड कुटुंबांपाशी आला की माझ्या मांडणीची मर्यादाही दिसते. त्यांनी पुढच्या हंगामातले श्रम दसऱ्याच्या आधीच मुकादमाला विकलेले असतात. उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते. ज्याची शिल्लकच उणे आहे त्याला कुलूप काय कामाचे? शिवाय सगळ्या योजनांची घड्याळे साठीवर लावलेली. फडात मोळ्या वाहणाऱ्या बाईची कंबर साठीची वाट पाहत नाही. पन्नाशीच्या आगेमागे कोयता सुटतो, आणि तिथून साठीपर्यंतच्या दहा वर्षांचे उत्तर ना मानधन योजनेत आहे ना अटल पेन्शनमध्ये. इथे वैयक्तिक नियोजनाचा उपदेश करणे निलाजरेपणाचे होईल. साखरेच्या दरात आणि कारखान्याच्या हिशोबात ज्यांचे श्रम धरलेले आहेत त्यांच्या म्हातारपणाचा वाटा टनामागे कारखान्यानेच कापून ठेवायला हवा, आणि तो मुकादमाच्या हातात न जाता मजुराच्या नावावर जायला हवा. बांधकाम मजुरांसाठी असा उपकर पूर्वीपासून आहे, तेव्हा कल्पना अशक्य नाही.

पन्नाशी उलटली की धोका बदलतो. आता पैसा लग्नात जायची भीती कमी, लोभात जायची जास्त. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेल्या शिक्षकाच्या किंवा कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्याच्या खात्यात उपदान, रजेचे पैसे, निधीची शिल्लक असे मिळून आयुष्यात पहिल्यांदा आठ आकड्यांच्या जवळ जाणारी रक्कम येते. राज्याने उपदानाची कमाल मर्यादाच सप्टेंबर २०२४ पासून चौदावरून वीस लाख केली आहे. त्या रकमेचा वास गावात सगळ्यांना लागतो. बीडची ज्ञानराधा मल्टिस्टेट आणि छत्रपती संभाजीनगरची आदर्श नागरी पतसंस्था २०२३ मध्ये अडचणीत आल्या तेव्हा मराठवाड्यातल्या हजारो ठेवीदारांचा पैसा अडकला, आणि त्यांत निवृत्तीची रक्कम ठेवलेले पुष्कळ होते. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमासंरक्षण आहे. पतसंस्थेला आणि मल्टिस्टेटला ते नाही, पाटी कितीही मोठी आणि शाखा कितीही चकचकीत असो. इकडे पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत वीस लाख ठेवले तर ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ४१ हजार रुपये व्याज येते. एका व्यक्तीला तीस लाखांपर्यंत ठेवता येतात, आणि नियत वयोमानाने निवृत्त झालेल्याला साठीची वाट पाहावी लागत नाही, लाभ हातात आल्यापासून तीन महिन्यांत खाते उघडले की झाले. चार-पाच टक्के जास्त व्याजासाठी यापलीकडे जाणाऱ्याने एवढेच पाहावे की, मुद्दल परत मागायला कोणत्या दारात उभे राहायचे ते आज माहीत आहे का.

‘पोरे आहेत की’ हे उत्तर अजूनही सगळ्यांत जास्त ऐकू येते. बहुतेक पोरे सांभाळतात, हेही खरे. पण साठी गाठलेला माणूस सरासरी आणखी सतरा-अठरा वर्षे जगतो, बाई त्याहून थोडी अधिक, आणि तेवढ्या काळात पोरांच्या स्वतःच्या पस्तीस ते पन्नासची ओढाताण चालू असते. म्हणजे ज्या वयात आपण स्वतःचे मोडले त्याच वयातल्या माणसावर आपण विसंबायचे. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्याने उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणात निर्वाहखर्च मागता येतो, शेजारच्या लातूर जिल्हा परिषदेने आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून ३० टक्के कापण्याचे पाऊलही उचलले. पण पगार असलेल्याचा पगार कापता येतो. पट्टीवर जगणाऱ्याचे काय कापणार? सरकारी श्रावणबाळ योजनेचे दरमहा दीड हजार मिळायला पासष्ट वर्षे पुरी आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत लागते. ही मर्यादा प्रामाणिकपणे पाळली तर महिन्याला पावणेदोन हजारांवर जगणारे कुटुंब शोधावे लागेल. दाखला मिळतो म्हणून योजना चालते. लाडक्या बहिणीचे दीड हजार पासष्टीला थांबतात. तोवर ते थेट बाईच्या खात्यात येतात, आणि तीस वर्षांच्या बाईने त्यातले ५७७ अटल पेन्शनला परस्पर वळते करून घेतले तर घरातल्या कोणाच्याही आधी तिची स्वतःची पेन्शन उभी राहते. राजकारण्यांनी लाडक्या बहिणीची योजना मतांसाठी आणली म्हणून तिचा हा उपयोग करू नये असे थोडेच आहे.

राहिली जमीन. परभणीच्या काळ्या रानात जमीन हीच पेन्शन असे मानणारे चुकीचे नाहीत. जायकवाडीच्या कालव्याखालचा एकर बटईने दिला तरी दोन म्हातारी माणसे त्यावर निभतात. पण जमीनही मोडलीच जाते, फक्त बाजारात नाही, वाटणीत. पोरे कर्ती झाली, भांडणे नकोत, म्हणून बाप साठीच्या आत सगळे सातबारे पोरांच्या नावे करून मोकळा होतो आणि त्या दिवसापासून स्वतःच्या रानात पाहुणा होतो. जुन्या वाटण्यांत आई-बापाच्या पोटापाण्याला म्हणून एक तुकडा बाजूला काढत. तो त्यांच्या हयातीत कोणाचा नसे, आणि जो सांभाळेल त्याने कसायचा. ही पद्धत नव्या कागदांतून गळत चालली आहे. कायदा मात्र आता तिच्या बाजूचा आहे. २००७ च्या कायद्याच्या कलम २३ प्रमाणे सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडली तर, न्यायाधिकरण परत मिळवून देऊ शकते, आणि जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा अर्थ उदारपणेच लावायला सांगितले. पण अट कागदावर दिसावी लागते. बक्षीसपत्रात दोन ओळी घालायला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात वेगळी फी पडत नाही. पडतो तो संकोच, की पोराला काय वाटेल. वडील गेल्यावर वारसाच्या फेरफारात आईचे नाव लागते, आणि अनेकदा महिन्या-दोन महिन्यांत तिच्यापुढे हक्कसोडपत्र येते. त्यावर तिने सही केली नाही तर तो हिस्सा तिच्याकडे राहतो, आणि तिला तो बटईने देता येतो.